दीर्घ पल्ल्याच्या धावण्याच्या सरावातील घोट्याचे दुखणे : शिरूर व दौंड तालुक्यांतील विद्यार्थी-धावपटूंच्या संदर्भात

प्रास्ताविक

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर व दौंड या तालुक्यांत धावणे हा केवळ क्रीडाप्रकार राहिलेला नाही. तो उपजीविकेच्या प्रयत्नाचा भाग झाला आहे. दौंड येथे राज्य राखीव पोलीस बलाचे गट क्रमांक ५ व ७ आहेत, तर शहरालगत नानवीज येथे या बलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. त्यामुळे गणवेशातील नोकरी येथील तरुणांच्या रोजच्या पाहण्यातली आहे. पोलीस शिपाई पदाच्या शारीरिक चाचणीत पुरुषांना १६०० मीटर व महिलांना ८०० मीटर धावावे लागते. राज्य राखीव पोलीस बलाच्या चाचणीत हे अंतर ५ किलोमीटर असून शारीरिक चाचणीच्या १०० गुणांपैकी ५० गुण या एका धावेला आहेत. यात विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन क्रॉसकंट्री स्पर्धेची तयारी करणारे खेळाडू, तसेच १९८३ पासून सुरू असलेल्या पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉनसारख्या शर्यतींसाठी सराव करणारे हौशी धावपटू मिळविले, तर पहाटे रस्त्यावर दिसणारी संख्या लक्षात येते.

या धावपटूंची एक नेहमीची तक्रार म्हणजे घोट्याचे दुखणे. पाय खड्ड्यात जाऊन मुरगळल्याने होणारी इजा सर्वांच्या परिचयाची आहे. प्रस्तुत लेखाचा विषय त्याहून वेगळा आहे. कोणताही अपघात न घडता, सरावाच्या ओघात हळूहळू सुरू होणारे व महिनोन्‌महिने रेंगाळणारे जे दुखणे असते, ज्यास अतिवापरजन्य दुखापत म्हणतात, त्याचे स्वरूप, कारणे व उपाय यांचा येथे विचार केला आहे. अशा दुखण्यावर आपल्याकडे सामान्यतः एकच सल्ला दिला जातो, तो म्हणजे पूर्ण विश्रांती. विश्रांतीने वेदना थांबते हे खरे. परंतु ज्या कारणाने वेदना झाली ते कारण विश्रांतीने दूर होत नाही, उलट काही अंशी बळावते. हे कसे घडते ते समजून घेणे धावपटूंइतकेच त्यांच्या शिक्षकांनाही आवश्यक आहे.

घोट्यावरील भार

मध्यम वेगाने धावणारा तरुण मिनिटास सुमारे १७० पावले टाकतो. ५ किलोमीटर अंतर त्याने २५ मिनिटांत कापले, तर एकूण सुमारे ४२५० पावले होतात; म्हणजे प्रत्येक पाय २१०० हून अधिक वेळा जमिनीवर पडतो. प्रत्येक वेळी जमिनीकडून येणारा आघात शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट असतो. टाचेच्या मागची जी जाड शीर, अर्थात अकिलीस कंडरा, पोटरीच्या स्नायूंना टाचेच्या हाडाशी जोडते, तिच्यावरील ताण तर वजनाच्या सहा-सात पट जातो. साठ किलो वजनाच्या मुलाच्या बोटाएवढ्या जाडीच्या कंडरेने साडेतीनशे-चारशे किलोचा ताण एका सकाळी दोन हजार वेळा सोसावयाचा, असा हा हिशेब आहे.

निरोगी कंडरा हा ताण सोसते, इतकेच नव्हे तर त्यामुळे अधिक सक्षम होते. परंतु त्यास अवधी लागतो. कसून व्यायाम झाल्यावर पहिले २४ ते ३६ तास कंडरेतील कोलॅजन या तंतुमय प्रथिनाची झीज त्याच्या निर्मितीपेक्षा अधिक असते. त्यानंतर निर्मितीचे पारडे जड होते व ते सुमारे तिसऱ्या दिवसापर्यंत तसे राहते. दररोज पहाटे तितक्याच जोराने धावणारा विद्यार्थी हा झिजेचा काळ संपण्याआधीच दुसरा भार चढवितो. हाडाचेही असेच आहे. पुनर्रचनेत प्रथम जुना भाग झिजविला जातो व नवा भाग नंतर भरला जातो. याउलट हृदय, फुप्फुसे व स्नायू यांची क्षमता काही आठवड्यांतच वाढते. दम टिकू लागला म्हणजे तयारी झाली, असे विद्यार्थ्यास वाटते. घोटा मात्र अद्याप मागेच असतो.

दुखणे कोठे आहे

'सर, घोटा दुखतोय' एवढ्या माहितीवर कोणताही सल्ला देऊ नये. दुखणारी जागा एका बोटाने दाखवावयास सांगितल्यास बराच उलगडा होतो.

टाचेच्या मागे, हाडाच्या दोन ते सहा सेंटिमीटर वर, चिमटीत धरल्यावर दुखत असेल तर ते बहुधा अकिलीस कंडरेचे दुखणे असते. सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिली काही पावले लंगडत टाकावी लागणे व थोडे चालल्यावर मोकळे वाटणे, ही त्याची ठळक खूण होय. हीच वेदना अगदी टाचेच्या हाडाला चिकटून असेल, तर कंडरा जेथे हाडाला जोडली जाते तो भाग दुखावलेला असतो. घोट्याच्या आतील उंचवट्यामागून तळपायाच्या कमानीकडे जाणारी वेदना कमान उचलून धरणाऱ्या कंडरेची असते. ती पाऊल आत कलणाऱ्यांत अधिक आढळते. बाहेरील उंचवट्यामागील वेदना पेरोनियल कंडरांची असू शकते. पूर्वी वारंवार पाय मुरगळलेल्यांमध्ये ती दिसते.

या सर्वांपेक्षा गंभीर बाब म्हणजे ताणजन्य अस्थिभंग. कंडरेचे दुखणे शरीर तापल्यावर काहीसे कमी होते. हाडाचे दुखणे धावता धावता वाढत जाते व पुढे रात्री झोपेतही जाणवते. हाडावर एकाच ठिकाणी बोट दाबले असता नेमकी कळ येते, एका पायावर उडी मारता येत नाही. अशा विद्यार्थ्याचे धावणे त्याच दिवशी थांबवून त्यास डॉक्टरांकडे पाठविणे अनिवार्य आहे. आतील घोट्याचे हाड व पावलाच्या वरच्या बाजूचे नौकाकृती हाड येथील भंग सावकाश जुळतात. येथे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत असा भंग क्ष-किरण चित्रात पुष्कळदा दिसत नाही. 'फोटोत काही नाही' हे शब्द ऐकून मुले दुसऱ्या दिवशी धावावयास जातात. लक्षणे हाडाची असतील, तर फोटो स्वच्छ असूनही एम.आर.आय. तपासणीविषयी डॉक्टरांस विचारावे.

भार वाढतो तो कसा

पाठ्यपुस्तकांत पादत्राणे, पावलांची ठेवण, पोटरीचा ताठरपणा अशी कारणे दिलेली असतात. ती चुकीची नाहीत. परंतु आपल्या परिसरात सर्वांत मोठे कारण भरतीची जाहिरात हे आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. जाहिरात केव्हा येईल याची निश्चिती नसल्याने अनेक मुले मधल्या काळात सराव सोडून देतात. अभ्यासिकेत बसतात किंवा कामाला लागतात. जाहिरात प्रसिद्ध झाली की दुसऱ्या दिवशी पहाटे ५ वाजता तीच मुले रस्त्यावर उतरतात व पंधरवड्यात ३ किलोमीटरवरून १० किलोमीटरवर जातात. महाविद्यालयीन क्रॉसकंट्रीची स्थिती फार वेगळी नाही. प्रवेशप्रक्रिया लांबते, निवडचाचणी जवळ येते आणि १० किलोमीटरची तयारी जेमतेम चार आठवड्यांत उरकली जाते.

भार किती वाढवावा याविषयी 'आठवड्यास दहा टक्के' हा नियम सर्वत्र सांगितला जातो. त्याचा पाया वाटतो तितका भक्कम नाही. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथे नवोदित धावपटूंवर झालेल्या व २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सावकाश वाढणारा १३ आठवड्यांचा कार्यक्रम व नेहमीचा ८ आठवड्यांचा कार्यक्रम यांची तुलना केली गेली. दोन्ही गटांत दुखापतीचे प्रमाण जवळजवळ सारखेच, पाचांत एक असे आढळले. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पाच हजारांहून अधिक धावपटूंच्या अभ्यासाने या प्रश्नावर वेगळा प्रकाश टाकला आहे. आठवड्याच्या एकूण अंतरातील वाढीपेक्षा, मागील ३० दिवसांतील सर्वांत लांब धावेपेक्षा एखाद्या दिवशी दहा टक्क्यांहून अधिक लांब धावणे हे दुखापतीशी निगडित असल्याचे त्यात दिसले. ती धाव दुपटीहून लांब असल्यास धोकाही दुपटीहून अधिक होता. म्हणजे महिनाभर ५ किलोमीटरच्या पुढे न गेलेल्या मुलाने रविवारी मित्रांच्या आग्रहाखातर चौफुल्यापर्यंत १२ किलोमीटर मारले, तर तो एक रविवार पुढील दोन महिने खाऊ शकतो.

धावण्याव्यतिरिक्तचा भार आपण मोजतच नाही. रांजणगाव किंवा कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर काम करणारा विद्यार्थी टणक तळव्याच्या सुरक्षा-बुटांत आठ तास उभा असतो. उसाच्या पट्ट्यातील मुलांना शेतीपंपांची वीज रात्रीची असली की चिखलात उभे राहून रात्री पाणी द्यावे लागते. झोप अपुरी होते आणि घोट्याला विसावा मिळत नाही. राष्ट्रीय छात्र सेनेचे छात्र सकाळी धावतात व दुपारी कडक बुटांनी टाच आपटून कवायत करतात. या तिन्ही गोष्टींची नोंद कोणत्याही सराव-वहीत नसते. दुखणाऱ्या विद्यार्थ्याची चौकशी करताना 'किती धावलास' याबरोबरच 'उरलेला दिवस पायावर किती होतास' हेही विचारले पाहिजे.

धावण्याच्या जागेचाही विचार करावा लागतो. पुणे–अहिल्यानगर महामार्ग, पुणे–सोलापूर महामार्ग किंवा शिरूर–न्हावरे–चौफुला रस्ता यांच्या कडा पाणी वाहून जाण्यासाठी उतरत्या ठेवलेल्या असतात. समोरून येणारे वाहन दिसावे म्हणून उजव्या कडेने धावणे सुरक्षिततेच्या दृष्टीने योग्यच आहे. मात्र त्यामुळे डावे पाऊल सतत आत कलते व उजवे बाहेर. डाव्या घोट्याचा आतील भाग आणि उजव्या घोट्याचा बाहेरील भाग दुखत असेल, तर रस्त्याच्या या उताराची शंका घ्यावी. गळीत हंगामात ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमुळे धावणारे आणखी कडेला ढकलले जातात. कालव्याच्या कडेचा सपाट मुरमाड रस्ता किंवा महाविद्यालयाचे मैदान यांपैकी जे जवळ असेल ते बरे. परंतु डांबरी रस्त्यावरून मऊ मातीवर किंवा कॅनव्हासच्या बुटांवरून एकदम स्पाइक्सवर जाणे हाही अचानक बदलच असतो. स्पाइक्समध्ये टाच खाली राहते व अकिलीस कंडरेवरील ताण वाढतो.

विश्रांती की व्यायाम

बर्फ, विश्रांती, दाब व पाय उंच ठेवणे हे सूत्र अमेरिकन डॉक्टर गेब मर्किन यांनी १९७८ मध्ये मांडले. ताज्या मुरगळीसाठी ते रूढ झाले. पुढे बर्फ व संपूर्ण विश्रांती यांमुळे दुरुस्तीस विलंब होऊ शकतो, अशी भूमिका खुद्द मर्किन यांनीच घेतली. रेंगाळलेल्या कंडरा-दुखण्यास तर हे सूत्र कधीच पुरेसे नव्हते. तीन आठवडे स्वस्थ बसलेल्या कंडरेची ताण सोसण्याची क्षमता घटते. वेदना गेलेली असते, मुलगा पूर्वीच्याच अंतरावर परततो आणि दुखणे आठवड्याभरात पुन्हा उभे राहते. दरम्यान परीक्षेची तारीख जवळ आलेली असते.

या विचाराला कलाटणी देणारे काम स्वीडनमधील हाकान आल्फ्रेडसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केले. अकिलीस कंडरेच्या जुनाट दुखण्याने त्रस्त अशा १५ हौशी धावपटूंना त्यांनी बारा आठवडे टाच सावकाश खाली सोडण्याचा व्यायाम दिला आणि ते सर्व पुन्हा धावू लागले. या व्यायामास कोणतेही यंत्र लागत नाही. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभे राहून, दोन्ही पायांनी वर जाऊन, दुखऱ्या पायाची टाच सावकाश पायरीच्या पातळीखाली न्यावयाची. गुडघा सरळ ठेवून १५ वेळांचे ३ संच व गुडघा किंचित वाकवून ३ संच, दिवसातून दोनदा. सहज जमू लागल्यावर पाठीवरील दप्तरात पुस्तके किंवा वाळूची पिशवी घालून वजन वाढवावयाचे. नंतरच्या संशोधनात, आठवड्यातून तीनच दिवस पण जड वजनाने व संथ गतीने केलेला व्यायामही तितकाच परिणामकारक आढळला असून नोकरी-शेती सांभाळणाऱ्यास तो अधिक सोयीचा आहे. ज्याची वेदना टाचेच्या हाडाशीच आहे त्याने मात्र टाच पायरीखाली नेऊ नये. सपाट जमिनीवरच व्यायाम करावा.

घोट्याच्या आतील व बाहेरील कंडरांसाठी सायकलची जुनी ट्यूब उत्तम. ती खाटेच्या पायाला बांधून पाऊल तिच्या ओढीविरुद्ध आत व बाहेर सावकाश वळवावे. दात घासताना एका पायावर उभे राहणे हा तोल सुधारण्याचा व्यायाम तर खर्चाचा नाही आणि वेळेचाही नाही.

व्यायाम करताना थोडे दुखले तर चालेल काय, हा प्रश्न प्रत्येक विद्यार्थी विचारतो. कारिन सिल्बर्नागेल व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात यासाठी एक साधी मोजपट्टी वापरली आहे. वेदनेस ० ते १० असे गुण द्यावेत. व्यायामात किंवा धावताना ती ५ पर्यंत गेली तरी चालते. मात्र दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ती मूळ पातळीवर आली पाहिजे, तसेच आठवड्यागणिक वेदना वा सकाळचा ताठरपणा वाढता कामा नये. ही मर्यादा पाळून धावणे चालू ठेवलेल्यांची सुधारणा, धावणे बंद ठेवलेल्यांइतकीच झाली. ही सवलत कंडरेच्या दुखण्यापुरती आहे. हाडाच्या दुखण्यात मोजपट्टी वापरावयाची नसते.

ज्याला धावणे थांबवावेच लागले, त्याने परतताना प्रथम अर्धा तास भरभर चालून पाहावे. ते वेदनारहित झाले आणि दुखऱ्या एका पायावर टाच वीस वेळा उचलता आली, तर एक मिनिट धावणे व दोन मिनिटे चालणे याची दहा आवर्तने, एक दिवसाआड. पुढे धावण्याची मिनिटे वाढवीत न्यावीत. वेग सर्वांत शेवटी. मधल्या दिवशी सायकल किंवा पोहणे यांनी दम टिकवून ठेवता येतो.

उपचारांतील काही धोके

हळद-मिठाचा गरम लेप किंवा शेक यांनी बरे वाटत असेल तर त्यास हरकत नसावी. हाड दुखत असताना जोराने चोळून घेणे किंवा झटका देऊन 'शीर बसविणे' मात्र घातक ठरू शकते. चाचणीच्या दिवशी डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन घेऊन धावण्याची प्रथा तर अधिकच चिंताजनक आहे. वेदना ही सूचना असते. ती बंद करून पूर्ण वेगाने धावल्यास अर्धवट तडा गेलेले हाड पूर्ण मोडू शकते. शिवाय उन्हात शरीरातील पाणी कमी झालेले असताना अशा औषधांचा मूत्रपिंडांवर दुष्परिणाम होतो. अकिलीस कंडरेत स्टेरॉइडचे इंजेक्शन घेतल्यास ती तुटण्याचा धोका असतो.

सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन या गटातील प्रतिजैविकांमुळे कंडरा, विशेषतः अकिलीस कंडरा, दुखावू वा तुटू शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये या औषधांवर त्याविषयी ठळक इशारा छापणे बंधनकारक केले. आपल्याकडे जुलाब वा लघवीच्या संसर्गासाठी ही औषधे सर्रास घेतली जातात. ताप-जुलाबातून उठलेल्या मुलाची टाच अचानक दुखू लागली, तर त्याने कोणत्या गोळ्या घेतल्या हे विचारावे व डॉक्टरांच्या निदर्शनास आणावे.

विद्यार्थिनींच्या बाबतीत आणखी एक प्रश्न, संकोच बाजूला ठेवून, शक्यतो महिला प्राध्यापकांनी विचारावयास हवा. सराव वाढला पण आहार वाढला नाही, की मासिक पाळी अनियमित होते वा थांबते व हाडे ठिसूळ होऊ लागतात. पहाटे चहावर धावून, तशीच एस.टी.ने महाविद्यालयात येऊन दुपारी डबा खाणारी मुलगी या धोक्याच्या कक्षेत येते. तिच्या घोट्यावरील उपचारात भाकरी, दूध, शेंगदाणे व डाळ यांचा वाटा मोठा आहे.

चाचणीच्या तोंडावर

बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याच्या मांडवा या गावचे अविनाश साबळे यांचे उदाहरण येथे उद्‌बोधक आहे. घोट्याच्या दुखापतीमुळे २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेस ते मुकले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भुवनेश्वर येथे त्यांनी ३००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटे २९.८० सेकंदांत पूर्ण करून गोपाळ सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला व पुढे २०२३ मध्ये हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. अर्थात लष्करी संघातील खेळाडूस प्रशिक्षक व वैद्यकीय साहाय्य उपलब्ध असते आणि चार वर्षांनी का होईना दुसरी आशियाई स्पर्धा येते. वयोमर्यादेच्या काठावर असलेल्या भरतीच्या उमेदवारास दुसरी जाहिरात मिळेलच असे नाही. म्हणून 'यंदा सोडून दे' हा सल्ला त्यास देताना शिक्षकाने दुखणे कंडरेचे आहे की हाडाचे याची खात्री करून घेतलेली असावी.

दुखणे कंडरेचे असेल व चाचणीस तीन आठवडे उरले असतील, तर लांब धावा पूर्णपणे वगळून आठवड्यातून तीन वेळा, मोजपट्टीच्या मर्यादेत, चाचणीच्या अंतराच्या निम्म्यापर्यंत धावावे. उरलेल्या दिवशी सायकल चालवावी. टाच खाली सोडण्याच्या व्यायामाऐवजी टाच अर्धी उचलून ४५ सेकंद स्थिर धरणे, असे पाच वेळा, हा प्रकार या काळात अधिक सोसतो. बुटात टाचेखाली सेंटिमीटरभर जाडीची गादी दोन्ही पायांना घातल्यास कंडरेवरील ताण काहीसा उतरतो; मात्र ती सरावात आधी वापरून पाहिलेली असावी. नवे बूट त्या आठवड्यात घेऊ नयेत. चाचणी झाल्यावर दोन-तीन दिवसांनी बारा आठवड्यांचा पायरीचा व्यायाम पहिल्यापासून सुरू करावा, निकाल काहीही लागो. कारण निवड झालेल्यास पुढे प्रशिक्षण केंद्राच्या मैदानावर याच घोट्यांनी दररोज धावावयाचे असते.